तिसरा नकार

ज्यूंचा योम किप्पूर सूर्यास्ताला लागणार होता. प्रायश्चित्ताच्या या उपवासानं देवापुढची पापं धुतली जातात; पण माणसाला दुखावलं असेल, तर माफी त्याच माणसाकडून, तीही उपवास लागण्याआधी, आणावी लागते. धाकट्याला हीच भीती खात होती. उपवास सुटला की दुसऱ्या सकाळी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन. म्हणून डॉक्टरांनी उपवासाला मनाई केली, धर्मगुरू रब्बींनीही तेच बजावलं. पोटाला सूट मिळाली. मनाला कोण देणार?

आई गेली तेव्हा थोरला परगावी होता. दफन लांबवायचं नसतं, एवढं निमित्त पुढे करून धाकट्यानं सगळं उरकल्यावर त्याला कळवलं. तेव्हापासून चष्म्याच्या दुकानात बसून थोरला अख्ख्या गावाची नजर सुधारतो, पण रस्त्यात भाऊ तेवढा त्याला दिसत नाही.

धाकट्यानं दोनदा माफी मागितली होती, दोनदा नकार मिळाला होता. रिवाज असा, की तिसऱ्यांदाही नाकारलं तर दोष मागणाऱ्यावरून उतरून नाकारणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. थोरला व्यवहाराला पक्का. म्हणून आज तो सापडतच नव्हता.

"न्हाणीघरात आहेत," वहिनी म्हणाली. "दुपारपासून. एवढे स्वच्छ तर लग्नातही नव्हते."

धाकटा दाराशी आला. प्रार्थनेसाठी कापडी बूट घालूनच निघाला होता. या दिवशी चामडं चालत नाही. भिंतीवरचं ऊन सरकत छताला टेकलं होतं. आत पाण्याचा थेंबही वाजत नव्हता. छातीत काहीतरी अडखळलं, तसा त्यानं चौकटीचा आधार घेतला.

"विचारून टाका भावोजी," वहिनी कुजबुजली. "हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले, तरी तुम्ही सुटलात."

"तेच तर," धाकटा म्हणाला. मग दाराकडे तोंड करून, "दादा, मी विचारत नाही. तू नाही म्हणालास तर तुझ्यावर येईल. आणि परवा मी टेबलावरून उठलोच नाही, तर तू माफी मागायला कुणाकडे जाशील? राहू दे माझ्यावरच."

तो वळला. कापडी बुटांना आवाज नसतो. भाऊ उभा आहे की गेला, आतल्याला कळायला मार्ग नव्हता.

कडी खडखडली. थोरला बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत कोरडा.

"गेला?"

वहिनीनं जिन्याकडे बोट दाखवलं. थोरला अनवाणीच धावला.

"थांब रे." त्याचा आवाज चिरकला होता. "विचार."

"दादा, नको…"

"विचार म्हणतो ना, गाढवा. ऊन चाललंय."