उंचवट्यापलीकडचे पाणी

मित्रांनो, गडचिरोलीच्या विद्यापीठात भूगोल विभागाच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात, लाकडी पेटीत, मी राहते. मी एक जुनी दुर्बीण आहे. पण माझ्यातून कोणी चंद्र-तारे पाहत नाही. माझ्या पाठीवर काचेची छोटी नळी आहे. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की माझी नजर अगदी आडवी होते. मग जमीन कुठे चढते, कुठे उतरते आणि पाणी कुठे वाहील, हे मला सांगता येते. मला 'लेव्हल' म्हणतात.

माझा जन्म रुरकीच्या एका कारखान्यात झाला. पितळ घासून, भिंगे बसवून, वर हिरवा रंग देऊन मला इकडे पाठवले. विद्यार्थी मला तिपाईवर बसवून मोजमाप शिकत. "जपून रे, विभागात एकच आहे," असे सर म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे. पुढे नवी यंत्रे आली. ती उपग्रहाला विचारून जागा सांगत आणि आकडे आपोआप साठवत. ती हुशार आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. पण माझी पेटी कोणी उघडेना. दमट हवेने भिंगावर बुरशीची जाळी चढली.

एका उन्हाळ्यात संघप्रियाने पेटी उघडली. ती सावली तालुक्यातली, धान पिकवणाऱ्या घरातली. विभागात ती जुन्या तलावांवर संशोधन करत होती. तिच्या गावाला मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातला तलाव आहे. त्याची नहर, म्हणजे कालवा, गावाखालच्या शेतांपर्यंत येते आणि मध्येच संपते. पुढे जमीन उंच आहे, पाणी चढणार नाही, असे सगळे म्हणत. ते खरे आहे का, हे तिला पाहायचे होते. नवी यंत्रे त्या वेळी दुसऱ्या विद्यार्थ्यांनी हेमलकशाकडे नेली होती.

"मॅडम, हे चालेल का?" तिने मार्गदर्शक रंजीता मॅडमना विचारले.

"का नाही? साफ कर, तपासून घे. पाणी अजून उताराकडेच वाहते," मॅडम हसून म्हणाल्या.

संघप्रियाने मऊ फडक्याने माझे भिंग पुसले आणि मला गावी नेले. तिचे वडील श्रावणभाऊ मोजणीची उंच काठी धरून उभे राहत आणि ती माझ्यातून आकडे वाचत असे. एकदा त्यांनीही डोळा लावला. माझ्यासारख्या जुन्या दुर्बिणीत चित्र उलटे दिसते.

"पोरी, देवाजीचा बैल पाय वर करून उभा दिसून राह्यला!" ते खो-खो हसले.

देवाजी म्हणजे पलीकडचे शेतकरी. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, भांडण झाल्यापासून दोघांचे बोलणे बंद होते.

मोजणी पुढे गेली तशी संघप्रिया प्रत्येक आकडा दोनदा वाचू लागली. नहर संपत होती तिथे खरोखर उंचवटा होता. पण त्याच्या पलीकडे जमीन पुन्हा उतरत होती. देवाजींच्या आणि आणखी कितीतरी जणांच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेते, त्या उतारावर होत्या. उंचवटा कापला तर पाणी सहज पुढे जाणार होते. आणि तो उंचवटा होता श्रावणभाऊंच्या वावरात.

तिने दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजले. चूक निघावी असे मलाही वाटत होते. ती निघाली नाही.

मोहाच्या झाडाच्या सावलीत तिने वडिलांना सांगितले, "बाबा, आपलं वावर कापा लागते."

"कोणासाठी? त्या देवाजीसाठी?"

"त्याच्या पलीकडं अजून लोक आहेत बाबा."

"अन् आपल्याले पाणी?"

"आपल्याले आपोआप नाई येत. आपल्या बांध्या उंच आहेत."

श्रावणभाऊंनी हातातली काठी खाली टेकवली. मग म्हणाले, "मंग लिहू नोको ते."

"लिहाचंच नाई तं मोजलं काऊन, बाबा?"

ते काठी उचलून घराकडे निघून गेले. संघप्रियाने मला पेटीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावणभाऊ खांद्यावर काठी घेऊन आले. "काठी म्याच धरली होती. खोटी कशी म्हणू? कुठून कापा लागते ते दाखव."

ग्रामसभेत त्यांनी स्वतः उभे राहून जमीन देतो म्हणून सांगितले. मागे बसलेल्या देवाजींनी मान वर केली नाही. रोजगार हमीच्या कामातून पावसाआधी चर खणला गेला.

त्या वर्षी भादव्यात पाऊस दडी मारून बसला. नव्या नहरेतले पाणी पाहायला संघप्रिया मला पुन्हा घेऊन गेली. पलीकडच्या बांध्या तुडुंब होत्या. श्रावणभाऊंचा धान मात्र लोंबी धरायच्या वेळी पिवळा पडत होता, जमिनीला भेगा गेल्या होत्या.

तेवढ्यात देवाजी बैलबंडी घेऊन आले. बंडीत पंप होता, पाइप होते. त्यांनी पंप नहरेकाठी उतरवला, पाइप उलगडला आणि त्या भांडणानंतर पहिल्यांदाच तोंड उघडले.

"श्रावणभाऊ, पाइप कोण्या बांधीत टाकू?"

श्रावणभाऊंनी पाइपाचे दुसरे टोक उचलले. "वरच्या बांधीत टाक," ते म्हणाले. "तिथून खाली आपोआप येते."

मित्रांनो, मी आता प्रयोगशाळेत परत आले आहे. तुम्ही कधी आलात तर माझे भिंग मऊ फडक्याने पुसा, पेटी कोरडी ठेवा आणि मला बाहेर, माणसांच्या शेतावर घेऊन चला. मी दाखवलेले कधी तुमच्या मनाविरुद्ध असेल. तरीही ते जसेच्या तसे सांगा. माझी एवढी काळजी घ्या.