जोड्यांची सेवा

त्या रविवारी सकाळी करंजा गावची कोळीण हौसा आपली मासे कापायची विळी घेऊन सतवंतकौरच्या ताडपत्रीखाली येऊन बसली. पनवेलच्या बाजारात धार लावणारे आणखीही होते, पण हौसाला हीच लागायची.

"मागल्या खेपेला काय घासलीस गो? बांगडा पन कापत नाय."

"तू दगडावर आपटतेस, त्याला मी काय करू?"

विळीला धार लागेपर्यंत हौसाने सतवंतकौरच्या डब्यातली अर्धी रोटी खाल्ली आणि मीठ कमी असल्याचं सांगून टाकलं.

दहाला सतवंतकौरची मुलगी इंदरजीत स्कूटर घेऊन आली. ती कॉलेजात इतिहास शिकवायची. सतवंतकौर लिंबाच्या फोडीने बोटांवरचे लोखंडाचे काळे डाग घासत होती. दर रविवारी गुरुद्वाऱ्यात जाण्याआधी ती हे करायची, आणि ते कशासाठी, हे इंदरजीतला पुरेपूर ठाऊक होतं. आईला लंगरचं पीठ मळायचं होतं. गेली वीस वर्षं.

ही माणसं शिकलगार शीख. दहाव्या गुरूंच्या फौजेची शस्त्रं आमच्या पूर्वजांनी घडवली, असं सतवंतकौर अभिमानाने सांगे. राजा असो की भिकारी, एका पंगतीत बसावं, म्हणून गुरूंनी लंगर चालवला, हे तर तिला लहानपणापासून पाठ होतं. पंगतीत तिला कुणी अडवलं नाही. अडवलं ते चुलीपाशी. तिने पिठाला हात लावायचं म्हटलं की गुरुद्वाऱ्याचे सेक्रेटरी करनैलसिंग हात जोडून म्हणत, बीबीजी, जोड्यांची सेवा सगळ्यात मोठी, बाहेर बसून लोकांचे जोडे पुसायची. सेवा खरोखरच मोठी होती. पण वीस वर्षांत करनैलसिंगांच्या घरातल्या कुणाला तो मोठेपणा घ्यावासा वाटला नाही.

इंदरजीत सोळा वर्षांची असताना तिने लंगरच्या स्वयंपाकघरातल्या बायकांचं बोलणं ऐकलं होतं. शिकलगारणीच्या हातचं कोण खाणार, असं एक म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. बाहेर येऊन तिने आईला सांगितलं, आत जागा नाही. पुढे तेच सांगायची सवय झाली.

त्या रविवारीही पायऱ्यांपाशी कुणाची तरी चप्पल पुसता पुसता सतवंतकौरने विचारलं, "आत गर्दी आहे का गं?"

इंदरजीतने डोकावून पाहिलं. चार बायका पीठ मळत होत्या. पाचवी परात भिंतीला टेकून रिकामी उभी होती.

"आहे," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी सतवंतकौर उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

दहाव्या दिवशी तिच्या नावाने ठेवलेल्या ग्रंथसाहिबाच्या पाठाची समाप्ती झाली. डोक्यावर पदर घेऊन हौसा मागे बसली होती. करनैलसिंगांनी भाषण केलं. बीबीजींसारखी सेवा कुणाला जमणार नाही, त्यांनी नम्रता शिकवली, वगैरे. जमलेल्या संगतीने माना हलवल्या.

इंदरजीत उभी राहिली.

"ही सेवा सगळ्यात मोठी असेल, तर येत्या रविवारी तुमच्या घरातून जोड्यांपाशी कोण बसणार, तेवढं सांगा."

करनैलसिंग पायांखालची सतरंजी सारखी करू लागले.

"आणि आज लंगरचं पीठ मी मळणार आहे. ज्यांना चालणार नाही, त्यांनी उपाशी जावं."

मग ती दाराकडे वळली. तिथे पायऱ्यांवर सगळ्यांचे जोडे पडले होते, न पुसलेले, वेडेवाकडे. तिकडे पाहत ती मोठ्याने म्हणाली,

"आई, मी खोटं बोलत होते. आत जागा होती."