अर्धी नोंद

"दाबा की हो ती कळ, हेमाताई! इतका कसला विचार करताय?"

मच्छीमार संघाचे सचिव चिंतामणी दामले हेमाच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. एरवी ते मिरजोळ्यातल्या या संगणकाच्या खोलीत फिरकत नसत. इथल्या गारव्यानं त्यांचे गुडघे धरत. आज मात्र त्याच गारव्यात त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

हेमा पडद्याकडे बघत राहिली. संघाच्या सगळ्या बोटी हिरव्या दिसत होत्या, म्हणजे कुठल्या ना कुठल्या बंदरात सुखरूप. एकच पिवळी होती, धाकू तांडेलाची; ती आत आली की नाही, ते पक्कं नव्हतं. बाहेर वारं सुटलं होतं आणि धाकूचं वायरलेस दुपारपासून गप्प होतं.

बोट निघाली किंवा परत आली की त्याची नोंद दोन संगणकांवर व्हायची, एका इथल्या आणि एका दापोलीच्या. एक बंद पडला तर दुसऱ्यानं गाडा ओढायचा, अशी सोय. पण या जोडीची अट मोठी कडक. आधी दोघांनी 'तयार' म्हणायचं आणि मग जिथून नोंद निघाली तिथून शेवटचा होकार यायचा, तेव्हाच ती पक्की. आज दापोलीकडून 'धाकूची बोट आत आली, मांडू का?' अशी विचारणा आली, मिरजोळ्यानं 'तयार' म्हटलं, आणि नेमकी तेव्हाच रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. दापोलीकडचे मोबाइलही वाऱ्यानं बंद पडले होते. शेवटचा शब्द काही आला नाही आणि नोंद अशी अर्धवट लोंबकळत राहिली.

अशी नोंद हातानं पक्की करायचा अधिकार एकट्या हेमाचा. एक कळ दाबायची, की झालं.

"अर्धी का होईना, नोंद आलीय ना? उगाच कोण कशाला लिहील?" चिंतामणी म्हणाले.

"दापोलीचा तो नोंदवाला विनोद आहे ना, तो लिहितो, सर. तिकडच्या धक्क्यावर गर्दी झाली की तो एका बोटीचा नंबर दुसरीला लावतो, मग जीभ चावून रद्द करतो. केबल तुटल्यावर त्यानं काय केलं, ते फक्त दापोलीच्या मशीनला ठाऊक."

चिंतामणी वाकले आणि तिच्या कानाशी हळू आवाजात म्हणाले, "आणि खरी असली तर? मिरकरवाड्यात बचावाची बोट इंजिन चालू करून उभी आहे. असल्या दर्यात माणसं उगाच घालायची? अहो, तिच्या सुकाणूवर तुमचा नवरा आहे, संदेश."

हे काय हेमाला सांगायला हवं होतं? नोंद पिवळी झाल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. कळ दाबली की धाकू 'आत', बचावाची बोट धक्क्यालाच आणि नवरा रात्री जेवायला घरी. बोटं नुसती शिवशिवत होती. तिला स्वतःचीच भीती वाटली आणि तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले.

कोपऱ्यातल्या स्टुलावर धाकूची बायको कमळा बसली होती. धक्क्यावर कुणी धड बोलेना, म्हणून रिक्षा करून ती थेट इथंच येऊन धडकली होती.

"बाय," ती म्हणाली, "तुला काय म्हायती हाय, तेवढाच सांग. माज्या समाधानासाठी गोड बोलू नको."

"काकी, ते आत आलेत असं मला म्हणता येत नाही."

"मंग म्हणू नको."

हेमानं मांडीखालचे हात काढले आणि धक्क्यावर फोन लावला. पलीकडे वाऱ्याचा आवाज, आणि त्यातून संदेशचा.

"धाकू तांडेल बाहेरच धरा," ती म्हणाली. "निघा तुम्ही."

"नक्की बाहेर हाय?"

"नक्की माहीत नाही. म्हणूनच जायचं."

"बरा," संदेश म्हणाला आणि फोन बंद झाला. चिंतामणींनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही.

हेमानं मागे एक नियम करून ठेवला होता. लाइन आणि फोन दोन्ही गेले, तर दापोलीच्या मनस्विनीनं स्कूटर काढायची आणि खेडच्या रस्त्यानं जिथं रेंज मिळेल तिथवर जायचं. "त्यापेक्षा कबुतरं पाळा," म्हणून संघात तिची यथेच्छ टिंगल झाली होती. टिंगल करणारे चिंतामणीच आता फोनकडे डोळे लावून बसले होते.

फोन वाजला. मनस्विनीला धाप लागली होती.

"हेमाताई, ती नोंद रद्द झालीये. विनोदनं दुसऱ्याच बोटीला धाकू तांडेलांचा नंबर लावला होता. मी स्वतः बंदरावर जाऊन बघून आले. धाकू तांडेल इकडे आलेलेच नाहीत."

हेमानं नोंद रद्द केली. पिवळ्याची लाल झाली, म्हणजे बोट अजून दर्यातच. चिंतामणी पडद्याजवळ वाकले.

"काय करायला सांगत होतो मी तुम्हाला!"

"मलाही तेच करावंसं वाटत होतं, सर," हेमा म्हणाली.

मग वाट बघणं. चहा आला, तसाच गार झाला. कमळा भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून होती, पण झोपली नव्हती. सूर्य कलला तसा धक्क्यावरून फोन आला. आरे-वारेच्या समोर इंजिन बंद पडून धाकूची बोट नांगरावर झुलत होती, आणि नांगर सुटायच्या बेतात असताना संदेशनं दोर टाकला होता. सगळी माणसं धड होती. बोट ओढत आणत होते.

चिंतामणींनी भर खोलीत हात जोडले. हेमाच्या छातीवरचा धोंडा असा काही उतरला, की तिला आधी हसूच आलं आणि मग रडू.

चिंतामणींच्या गाडीतून तिघं मिरकरवाड्याला पोचली, तेव्हा दोन्ही बोटी धक्क्याला लागत होत्या. बचावाच्या बोटीवरून संदेश उतरला. तोंडावर मीठ वाळून पांढरं झालेलं, ओठ फुटलेले. गर्दीत हेमा दिसताच तो ओरडला, "आज घरी काय शिजवू नको गो! मी आता नुसता झोपणार!"

कमळा थबकली. एकदा त्याच्याकडे आणि एकदा हेमाकडे बघत तिनं विचारलं, "ह्यो तुजा घोव?"

हेमानं मान हलवली.

"मगाशी फोनवर 'निघा' म्हणालीस, तो ह्योच?"

"होय, काकी."

"बोलली न्हायस ती?"

"बोलून काय करणार होते?"

मागच्या बोटीवरून धाकू उतरला होता आणि बायकोला शोधत होता. कमळानं त्याला पाहिलं, धडधाकट आहे एवढी खात्री करून घेतली आणि हातानंच खूण केली, थांब जरा. मग ती पुढे झाली आणि पदराच्या टोकानं तिनं आधी संदेशचं तोंड पुसलं.