मेजापाशी यांची जागा

माझ्या नवऱ्यात भूत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी उगाच हळहळत बसायला नको. त्यांच्या मेंदूतली डाव्या बाजूची एक नस बंद पडली. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि वाचा गेली. सगळी गेली, एक शब्द सोडून. तो शब्द म्हणजे 'हरामखोर'.

हसू येत असेल तर हसून घ्या. मलाही दवाखान्यात आधी हसूच आलं होतं, मग जिन्यात जाऊन रडले. यांचं नाव शिवराज साळवे. मालगाडीचे गार्ड म्हणून उभी हयात सिकंदराबादच्या यार्डात काढली. तिथे हा शब्द त्यांच्या तोंडी असणार, यार्डात कुणाच्या नसतो? पण घरात कधी ऐकला नाही. घरात 'अगं त्रिवेणी' आणि देवळात 'प्रभूचं वचन ऐका', एवढंच माझ्या कानांना माहीत. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे ते पंच होते, रविवारचा पहिला पाठ तेच वाचायचे. आवाज असा की मागच्या बाकावरची पोरं मोबाइल खाली ठेवायची.

तारनाक्याच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं. म्हणाले, अम्मा, बोलणं मेंदूत एका जागी असतं आणि शिवी दुसऱ्या जागी. एक घर जळालं, दुसरं वाचलं. यांना पाणी म्हणायचं असतं, पण तोंडातून तेच येतं. पुष्कळांचं होतं असं. मला पटलं, कारण मी बघतच होते. सकाळचा हरामखोर म्हणजे चहा. ओढून लांबवलेला म्हणजे खिडकी लाव. रागाचाही एक होता, तो टीव्हीवरच्या बातम्यांना. आमचा संसार एका शब्दावर चालला होता, आणि खोटं कशाला सांगू, बरा चालला होता.

पंचाईत झाली ती देवळात. आमची मंडळी म्हणजे मूठभर माणसं. देऊळ तेलुगू लोकांचं, त्यांची उपासना सुरू व्हायच्या आधी सकाळी सकाळी आम्हाला मिळतं. जालना, नांदेड, नगरकडून नोकऱ्या धरून आलेली घराणी आमची. पोरंबाळं आता तेलुगूत नाहीतर इंग्रजीत प्रार्थना करतात, मराठी गीतं अडखळत वाचतात. त्यामुळे जे उरलेत त्यांना वाटतं, आपण तरी अगदी नीटनेटके दिसलो पाहिजे. अशा मंडळीत मी यांना आजारपणानंतर वर्षभरानं, जिना उतरता यायला लागल्यावर, पहिल्यांदा घेऊन गेले. पाळकसाहेबांनी 'शांती असो' म्हणून हात पुढे केला. यांचे डोळे भरून आले, आणि मोठ्या प्रेमानं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं ते म्हणाले, "हरामखोर."

त्यानंतरच्या आठवड्यात उषाबाई भालेराव आमच्या घरी आल्या. महिला मंडळाच्या अध्यक्षा, प्रभुभोजनाच्या मेजावरची पांढरी चादर त्याच धुतात, त्याच घालतात. बरोबर चार बायका. मला वाटलं भेटायला आल्यात, मी चहा टाकला. बाहेर येऊन बघते तर यांना खुर्चीत बसवून सगळ्या गोल उभ्या. डोक्यावर हात ठेवलेले, डोळे मिटलेले, आणि उषाबाई यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणतायत, "नीघ. प्रभूच्या नावानं सांगते, या माणसातून नीघ."

"हरामखोर," हे म्हणाले.

"बघा, उत्तर देतंय," उषाबाई म्हणाल्या, आणि आवाज चढवला. त्या चढवतील तसा हेही चढवायला लागले. बिचाऱ्यांना सांगायचं होतं की मी इथेच आहे, मला ऐकू येतंय. सांगायला दुसरं होतं काय त्यांच्याजवळ? शेवटी ते रडायला लागले. तेव्हा एकीनं टाळी वाजवली, म्हणाली निघतंय, निघतंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चहाचा ट्रे मेजावर आपटला आणि म्हणलं, "निघायचं तुम्हीच. चहा पिऊन निघा, नाहीतर तसंच निघा, पण निघा."

चहा कुणी प्यायलं नाही. उषाबाई दारात म्हणाल्या, "त्रिवेणीबाई, तुमचा विश्वास कमी पडतोय. म्हणून ते बरे होत नाहीत." उचलली जीभ लावली टाळ्याला. मी दार लावून घेतलं, यांचं तोंड पुसलं, आणि सगळे कप बेसिनमध्ये ओतून दिले.

दोन-चार दिवसांनी पाळकसाहेब आले. अमेय गोर्डे त्यांचं नाव, नगरकडचे, वयानं माझ्या मुलीएवढे, मनानं चांगले. चांगल्या माणसांना वाईट काम करायला लावलं की ती फार हळू बोलतात. तसे ते हळू बोलायला लागले. "मावशी, पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. काकांना मी घरी येऊनच देईन. शांतपणे. देवळात उगाच कुणाचं मन दुखावायला नको."

मी म्हणलं, "घरी आजाऱ्याला देतात, ज्याला उठता येत नाही त्याला. हे उठतात, बसतात, धरून जिना उतरतात. यांनी त्या मेजाची इतकी वर्षं सेवा केली. यांची जागा तिथे आहे."

"हो, पण मावशी, विश्वासात वाढलेल्या माणसानं थोडं सोसावं. हट्ट लेकरू करतं. प्रौढ झालेला माणूस दुसऱ्याचा विचार करतो."

हे मात्र मला लागलं. कारण वाढणं म्हणजे काय हे गेलं वर्षभर मी या घरात शिकत होते, आणि शिकवणी काही सोपी नव्हती. लग्न झालं तेव्हा माझा विश्वास दूधपित्या लेकराचा होता. मागायचं आणि मिळायचं. यांची बदली टळू दे, टळली. मुलगी पास होऊ दे, झाली. मिळालं नाही तर म्हणायचं, प्रभूची काहीतरी योजना असेल. यांची वाचा गेल्यावर मी एकच मागितलं होतं. यांना मला एकदा नावानं हाक मारू दे. मोठं काही नाही, हात नको, चालणं नको, फक्त 'त्रिवेणी'. रोज मागितलं, उपास धरून मागितलं. मिळालं नाही. आणि एक दिवस योजना-बिजना म्हणायला माझी जीभच रेटेना. मी देवाला तोंडावर म्हणलं, हे तू बरं केलं नाहीस. म्हणलं आणि तिथेच बसून राहिले, कारण उठून जायचं कुठे? दुसऱ्या कुणापुढे मला इतकं खरं बोलता येत नाही. त्या दिवसापासून माझं आणि देवाचं जरा मोठ्या माणसांसारखं चाललंय. तो मला लाडीगोडी लावत नाही, मी त्याला लावत नाही.

म्हणून पाळकसाहेबांना म्हणलं, "लेकरू स्वतःसाठी हट्ट करतं, साहेब. आणि दुसऱ्याचा विचार म्हणता, तर दुसरा म्हणजे नेहमी आत बसलेलाच का? ज्याला बाहेर ठेवताय तो दुसरा नाही?"

 ते आणखी हळू म्हणाले, "फक्त शब्दाचं नाही, मावशी. प्याला आहे ना. काकांच्या तोंडातून थोडी... लोक म्हणतात, लाळ."

तर घोडं इथे पेंड खात होतं. आमच्या मंडळीत सगळे एकाच प्याल्यातून घेतात. मेजापुढच्या कठड्यापाशी रांगेत गुडघे टेकायचे. पाळक भाकर देत जातात, पण प्याला हातोहात जातो. स्वतः प्यायचं, कड पुसायची आणि शेजारच्याला देताना म्हणायचं, 'प्रभूचं रक्त, तुझ्यासाठी.' शेजारच्यानं 'आमेन' म्हणून घ्यायचं. कोरोनात प्लास्टिकचे चिमुकले प्याले आणले होते, पण जुन्या लोकांनी ते टिकू दिले नाहीत. उषाबाईच सगळ्यात पुढे होत्या. म्हणायच्या, एक प्याला गेला तर मंडळी कसली, हॉटेल झालं.

मी म्हणलं, "लाळ म्हणायची लाज वाटली म्हणून भूत म्हणालात होय? लाळ सगळ्यांच्याच तोंडात असते, साहेब. यांची दिसते एवढंच. आम्ही रविवारी येतोय."

रविवारी यांना पांढरा सदरा घातला, डाव्या बाजूनं भांग काढला, रिक्षात बसवलं. उतरताना यांनी रिक्षावाल्याला आपला शब्द ऐकवला. तो म्हातारा मियाँ हसला आणि म्हणाला, "हौ साब, पूरी दुनियाच है." त्यावर यांच्याही चेहऱ्यावर हसू आलं. देवळात शिरेपर्यंत ते होतं.

आत जाऊन बसलो. गीत झालं, पाठ झाले, पापाची कबुली झाली. सगळे एका सुरात कबूल करत असताना यांनीही आपल्या शब्दात कबुली दिली, आणि पुढची दोन डोकी वळून पुन्हा सरळ झाली. मग मेजाकडे बोलावणं आलं. मी यांना धरून पुढे नेलं आणि कठड्यापाशी गुडघ्यांवर बसवलं. यांच्या उजव्या बाजूला मी, आधाराला. डाव्या बाजूला कुणीच येईना. माणसं यायची, बघायची आणि पलीकडे दाटीवाटीनं बसायची. कठडा भरला, यांच्या शेजारची जागा तेवढी रिकामी.

उषाबाई नेहमी शेवटी येतात, मेजावरचं सगळं लावून झाल्यावर. त्या आल्या तेव्हा दुसरी जागाच उरली नव्हती. त्या थबकल्या. कठड्याला खिंडार ठेवून प्रभुभोजन सुरू होत नाही, हा आमच्या मंडळीचा रिवाज, आणि रिवाज मोडणाऱ्यांपैकी त्या नाहीत. त्या बसल्या. बसताना पदर आवरून घेतला.

पाळकसाहेब भाकर घेऊन रांगेनं आले. मला दिली. मग यांच्यापुढे आले आणि थांबले. यांनी डावा हात पसरला, वर बघितलं आणि म्हणाले, "हरामखोर."

देवळात असं शांत झालं की बाहेर जमायला लागलेल्या तेलुगू मंडळीच्या चपला वाजलेल्या ऐकू आल्या. पाळकसाहेबांचा भाकरीचा हात तिथेच राहिला. मी म्हणलं, हळू नाही, जशी बोलते तशी बोलले, "साहेब, त्यांना जे येतं ते त्यांनी म्हणलं. आता तुमचं तुम्ही म्हणा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. "प्रभूचं शरीर, काका. तुमच्यासाठी." आणि भाकर यांच्या तळहातावर ठेवली. एकही शब्द गाळला नाही.

मग रांगेतून हातोहात प्याला आला. मी प्यायले, कड पुसली, म्हणायचं ते म्हणलं आणि यांच्या ओठांना लावला. थोडा द्राक्षरस हनुवटीवरून सदऱ्यावर सांडला. मी पुसणार, तेवढ्यात यांनी डाव्या हातानं प्याला माझ्याकडून काढूनच घेतला. हात लटपटत होता, तरी धरला. कड आपल्या बाहीला पुसली आणि वळून उषाबाईंपुढे केला. आणि शेजाऱ्याला देताना म्हणायचं असतं, ते त्यांनी म्हणलं. त्यांच्या एकुलत्या एका शब्दात, पाठ वाचायचे त्या गंभीर आवाजात.

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, बाईनं नाकारावा. उठून जावं, सगळ्यांदेखत. म्हणजे कुणाच्या पोटात काय होतं ते एकदाचं उघड होईल, आणि मला जन्मभर तिच्यावर हक्कानं रागावता येईल. मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

उषाबाईंनी डोळे मिटले. ओठ घट्ट मिटलेले होते, ते हलले. "आमेन," त्या म्हणाल्या. दोन्ही हातांनी यांचा लटपटता हात प्याल्यासकट धरला, जिथे यांचं तोंड लागलं होतं तिथेच तोंड लावलं आणि प्यायल्या. नुसता ओठ भिजवला नाही, घोट घेतला. गिळताना त्यांचा गळा हललेला मी बघितला.

मला इतका राग आला की काय सांगू. इतके दिवस सांभाळलेलं माझं भांडण त्या बाईनं एका घोटात पिऊन टाकलं. आता ती माझी बहीण होती, मला आवडो की न आवडो. देवाकडे मी नाव मागितलं होतं, ते त्यानं दिलं नाही. आणि जे मी कधीच मागितलं नसतं, ते यांच्या शेजारी गुडघ्यांवर आणून बसवलं. मी मनात म्हणलं, हेही तू बरं केलं नाहीस.

उपासना संपल्यावर बाहेर ऊन तापलं होतं. पायरीवर उषाबाई यांच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त उतरताना यांच्या काखेत हात घातला. मला एकटीला ते जमलं असतं, तसं तोंडावर सांगणारच होते. पण मी माझ्या बाजूनं यांना धरलं. एक पायरी त्यांनी, एक पायरी मी, असं करत आम्ही यांना खाली उतरवलं.