एक ओवी कमी हवा

जावयाने पोट आत ओढलं, भिंतीला एका हाताचा आधार घेतला आणि खाली कुणी झोपलंय अशा बेताने तो सायकलीवर बसला.

"श्वास सोडा, डॉक्टर," सीटखाली वाकलेला दुकानदार म्हणाला. "धरून ठेवला म्हणून वजन उतरत नाही."

डॉक्टरांनी श्वास सोडला. सायकलीची मागची बाजू हळूच खाली दबली. सीटखालच्या, धक्के झेलणाऱ्या शॉकच्या चकचकीत दांड्यावर रबराची एक बारीक कडी होती. ती घसरत निघाली आणि जिथं थांबायला हवी होती ती खूण ओलांडून, चांगली नखभर पुढे जाऊन थांबली.

"बघा," खाली उतरत जावई म्हणाला. दिवसभर लोकांच्या दातांत डोकावणारा हा माणूस त्या कडीकडे किडलेल्या दाढेकडे बघावं तसा बघत होता. "दर आठवड्याला हेच. बसलो की रुततो."

सासूबाई दाराजवळच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि भिंतीवर टांगलेली हेल्मेटं एकेक करून न्याहाळत होत्या. त्या आपणहून आल्या नव्हत्या. "शॉक घ्यायला चाललाय म्हणे," लेक सकाळी म्हणाली होती. "घरी कमी मिळतात का? आई, तू जा बरोबर, नाहीतर हा दुकानच उचलून आणेल."

दुकानदाराने हात पुसले. तो मिशीवाला, उंच आणि स्वतःच्या आवाजावर खूश असलेला माणूस होता.

"आठवडाभर सायकल माझ्याकडे आहे. तुमच्या घरून आली तेवढीच हवा शॉकमध्ये आहे. तसूभर गळलेली नाही. शॉक ठणठणीत आहे."

"म्हणजे बिघाड माझ्यात आहे," जावई म्हणाला.

"घरी वजन करता का?"

"करतो. काटा वाढ दाखवत नाही. पण घरचाच काटा तो, मन राखत असेल माझं."

सासूबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला. महिनाभर हा माणूस रात्री ताटावर बसून काकडी खात होता. नुसती काकडी, मीठसुद्धा चिमटीने मोजून. लेक पुन्हा पुन्हा वाढायला यायची आणि तो ताटावर हात आडवा धरायचा. "नको. कडी सगळं सांगते मला." पट्ट्याला त्याने एक नवं भोक पाडून घेतलं होतं, दवाखान्यातल्याच कुठल्याशा अवजाराने.

आणि ती हवा कुठं जात होती हे जगात एकाच बाईला ठाऊक होतं.

सासूबाईंनी उभा जन्म टपाल वाटलं होतं. खांद्यावर पिशवी, खाली काळी जड सायकल, समोर चढ. चढाला सोबत म्हणून त्यांनी ओव्या रचल्या होत्या, पायडलच्या ठेक्यावर, वाऱ्याला ऐकू जातील एवढ्याच आवाजात. मग निवृत्ती आली, गुडघे बोलू लागले, आणि लेकीने हुकूम काढला: सायकल बंद, जिना चढतानाही कठडा धरायचा. सासूबाईंनी मान डोलावली. त्याच महिन्यात जावयाने रविवारच्या हौसेसाठी ही दोन शॉकची सायकल आणली आणि आठवडाभर ती जिन्याखाली उभी राहू लागली. डॉक्टर दवाखान्यात. लेक ऑफिसात. दुपार लांबलचक.

पहिल्यांदा बसल्या तेव्हा सायकल दगडासारखी टणक लागली. ती जावयाच्या वजनाला बेतलेली होती आणि सासूबाईंचं वजन ते काय, ओल्या धुण्याएवढं. मग त्या केसांतल्या आकड्याने व्हॉल्व्ह दाबून आपल्या वजनापुरती हवा आत ठेवायच्या, बाकीची सोडून द्यायच्या. घरामागची पायवाट, पाण्याची टाकी, ओढ्यावरचा पूल, आणि तिथून पुढे वारा नेईल तिकडं. परत आल्यावर हवा भरून ठेवायच्या. पंपावरचे आकडे मुंगीच्या पायाएवढे, ते कोण वाचणार? पहिल्या दिवशी तेवढा चष्मा लावून त्यांनी हिशेब बसवला: चार ओव्या म्हणेपर्यंत पंप मारला की काटा होता तिथं येतो. त्यानंतर काट्याकडे पाहिलंच नाही.

फक्त अलीकडे त्या जरा लांबवर जाऊ लागल्या होत्या. परत यायला उशीर व्हायचा, दम लागलेला असायचा, चौथी ओवी घशातच राहायची. एका ओवीनं काय होतंय, असं त्यांना वाटलं होतं. काकडीचा आणि ओवीचा संबंध ध्यानात आला तोवर सायकल दुकानात येऊन पडली होती.

"मी तुम्हाला खरं औषध देतो," दुकानदार म्हणाला आणि आतून एक जाडजूड स्प्रिंग गुंडाळलेला शॉक घेऊन आला. त्याने तो काउंटरवर ठेवला तेव्हा काच हलली. "स्प्रिंगचा. ह्यात हवेची भानगडच नाही. तुमच्या वजनाची स्प्रिंग एकदा बसवली की जन्माची सोबत."

जावयाने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. त्याचा चेहरा उजळला.

"जड आहे," सासूबाई म्हणाल्या.

दोघंही वळले. दुकानात आल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"जड म्हणजे भक्कम, मावशी."

"आणि हलकं माणूस बसलं तर?"

"हलकं माणूस बसलं तर ही हलणार नाही. खड्ड्यागणिक पाठ शेकून निघेल." दुकानदार हसला. "पण बसायचंय कुणाला?"

"तसं नव्हे," सासूबाई म्हणाल्या. "हवेचं बरं असतं. कमीजास्त करता येते. पाहुणारावळा आला, कुणी बसलं..."

"आई, पाहुणे आले तर आपण त्यांना चहा देतो," जावई म्हणाला. "आणि हवेवरचा माझा विश्वास उडालाय. बसवा हो. हाच बसवा."

दुकानदाराने पाना उचलला. सासूबाईंना पूल दिसला, पुलापलीकडचा दगडांचा उतार दिसला, आणि त्या उतारावर चाकांखालून धावणारी, आता परक्याची होत चाललेली वाट दिसली. गप्प राहिलं तर वाट गेली. बोललं तर लेकीपर्यंत पोहोचणार, म्हणजे तरीही गेली. तेवढ्यात जावई पुन्हा सायकलीवर बसला, जुन्या शॉकचा निरोप घ्यावा तसा. कडी पुन्हा घसरली. त्याने खाली पाहिलं आणि पट्टा आणखी एक भोक आवळला.

सासूबाई उठल्या.

"उतरा जरा."

"काय झालं?"

"एक ओवी राहिलीय."

जावई उतरला. सासूबाईंनी पिशवी त्याच्या हातात दिली, काउंटरवरचा छोटा पंप उचलला, शॉकच्या व्हॉल्व्हवर फिरवून घट्ट केला आणि वाकल्या. दुकानदार "अहो मावशी, काटा बघून" म्हणेपर्यंत त्यांचा हात चालू झाला होता, आणि त्याच ठेक्यावर, वाऱ्याला ऐकू जाईल एवढा आवाज:

"उतारानं गं लागलं, माझ्या चाकाला गं खूळ,
हात सोडले मी बाई, मागं उडाली गं धूळ."

ओवी संपली तसा हात थांबला. त्यांनी पंप काढला, फुस्स आवाज झाला.

"बसा आता."

जावई बसला. पोट आत ओढायचं या वेळी तो विसरला. कडी निघाली आणि खुणेवर येऊन थांबली. दुकानदाराने वाकून पाहिलं, मग मिशीवरून हात फिरवत सासूबाईंकडे पाहिलं, मग तो पाना शोधायला आत गेला, जो त्याच्या हातातच होता.

जावयाने बसल्या बसल्या वाकून कडीला बोट लावलं.

"दुपारी?" त्याने विचारलं.

"दुपारी."

"पुलापर्यंत?"

"पुलाच्या पुढं."

"पुढं तर तो दगडांचा उतार आहे."

"आहे की."

"आई, तिथं मी उतरून सायकल हातात धरून चालतो."

सासूबाईंनी त्याच्याकडे खरोखरच्या काळजीने पाहिलं. "मग तुम्हाला शॉक कशाला हवाय?"

आतून खोकल्याचा आवाज आला. दुकानदाराला हसू खोकल्यात लपवण्याची सवय नव्हती.

जावई उतरला. स्प्रिंगचा शॉक त्याने स्वतः उचलून काउंटरच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवला.

"हा नको," तो आत बघून म्हणाला. "आहे तोच राहू दे. आणि पंप दाखवा एखादा. मोठ्या काट्याचा. चष्म्याशिवाय दिसेल असा."

"तुम्हाला चष्मा लागला, डॉक्टर?"

"नाही," जावई म्हणाला.

फोन वाजला तो याच वेळी. पलीकडून लेकीचा आवाज दुकानभर ऐकू आला: काय ठरलं, किती वेळ, आणि तुझ्या त्या वजनाचं काय निघालं?

"काही नाही. वजन वाढलेलंच नव्हतं." जावयाने पट्टा दोन भोकं सैल केला. "दुपारची हवा जरा उतरते म्हणे. ...नाही, मला काय कळणार त्यातलं? ...हो, रात्री जेवणार आहे. सगळं. ...आई ना? इथंच आहेत. बसून कंटाळल्यात बिचाऱ्या. घे, बोल."

सासूबाईंनी फोन कानाला लावला. दुसरा हात नकळत सायकलीच्या सीटवर होता.

"आई, किती वेळ ताटकळत ठेवलंय त्यानं तुला. स्टुलावर बसून गुडघे दुखले असतील ना गं?"

"हो गं," सासूबाई म्हणाल्या. "बसूनच दुखतात."