नाव झाकलेली बोरिंग

मित्रांनो, मी एक जुनी बोरिंग आहे. पण माझी कहाणी नंतर, आधी त्या नविनबद्दलची माझी तक्रार ऐका. माझा दांडा धरून त्याने किती फोटो काढले याची गणती नाही. कळशी मात्र आजवर एकही भरली नाही.

तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यात मी उभी आहे. सरकारी कागदावर मी हातपंप. पाड्यातल्या बायकांची मी बोरिंगच. सोळा वर्षांपूर्वी बोअर पाडणाऱ्या मोठ्या गाडीने इथला काळा दगड फोडला. आधी नुसता धुरळा उडाला, मग पाणी आलं. ठकीआजीने मला हळदकुंकू लावून नारळ फोडला. ओहोळाचं गढूळ पाणी पिणं सुटलं म्हणून म्हाताऱ्या माझ्यावरून हात फिरवत. मी कुणाला रिकामं परत पाठवलं नाही, हे ताठ मानेने सांगते.

पण माझ्या ओट्यावर निळ्या रंगात नाव आलं ते भाऊंचं. भाऊ म्हणजे इकडचे पुढारी आणि नविन त्यांचा माणूस. ठकी भाऊंच्या पाया पडली. पाड्याला सांगू लागली, "ज्याचं पाणी प्यायलो त्याला विसरायचं नाही." मग दर निवडणुकीला नविन यायचा, बायकांच्या ओंजळीत माझंच पाणी घालायचा आणि वदवून घ्यायचा, "मत भाऊंनाच." मला तेव्हा मोठेपणा वाटायचा. आता लाज वाटते.

गेल्या खेपेला आमच्या बुथावर भाऊंना मतं कमी पडली. पुढे माघात माझी साखळी तुटली. नविन म्हणाला, "भाऊंच्या चिठ्ठीशिवाय मेकॅनिक यायचा नाही. आधी सांगा, फुटलं कोण?"

तीन महिने मी मुकी उभी. ओट्यावर बकऱ्या बसायच्या. ठकीची सून रूपी सातव्या महिन्यात ओहोळावरून हंडा आणायची. एक दिवस उतारावर घसरली. पोटातलं बाळ वाचलं, गुडघा फुटला.

दुसऱ्या दिवशी ठकी तलासरीला कचेरीत गेली. अर्जावर अंगठा देऊन आली आणि माझ्या ओट्यावर बकरी हाकलून बसली. भोवती जमलेल्या बायकांना म्हणाली,

"साहेब म्हणतो, बोरिंग सरकारची आहे. अर्ज दिला की माणूस येतो, चिठ्ठीबिठ्ठी काही लागत नाही. मग आपण तीन महिने कुणाची वाट बघितली गं?"



त्याच आठवड्यात मेकॅनिक आला. नवी साखळी बसली, ग्रीस लागलं. दोन दिवसांनी निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, आणि एका कर्मचाऱ्याने भाऊंच्या नावावर पांढरा कागद चिकटवला. कागदाच्या मागोमाग नविन हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल.

"बघा आजी, भाऊंनी शब्द पाळला! रूपी, मी दांडा धरतो, तू फोटो काढ. मग ओंजळ घेऊन टाकू सगळ्यांची."

"तुझा तूच काढ," रूपी म्हणाली. "माझा हात हंड्याला आहे."

मित्रांनो, मला वेळेवर तेलपाणी करा, ओटा धुवा. बिघडले तर कुणाच्या दारात ताटकळू नका, सरळ अर्ज द्या. आणि माझ्या पाण्यापायी आपला शब्द कुणाकडे गहाण टाकू नका. पाणी मी तुम्हाला दिलंय, उसनं नाही.

ठकीने नविनला बाजूला सारलं, दांडा धरला आणि हंडा काठोकाठ भरला. मग पदराला हात पुसत म्हणाली,

"नविन, त्या कागदाखाली तुझ्या भाऊचं नाव आहे. झाकलं तरी पाणी येतंय ना? मग ते पाणी त्याचं कधी नव्हतंच. मी पाया पडले ती चूक माझी, तिचं मी बघून घेईन. तू तहानलेला असशील तर पी बाबा. आम्ही शपथ घालून पाणी पाजत नाही."