लोहाच्या गोळीमागून दोन चमचे

पुष्पीचं रक्त वाढूनच नाई राह्यलं, मंग माहं डोकं फिरन नाई तं काय होईन! आठवा महिना सरत आला, पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली पोरगी, आन् रिपोर्टात हिमोग्लोबिन सात पॉइंट सहा. मागच्या महिन्यात बी तेवढंच; तवाच म्या तिच्या मायले सांगितलं होतं, पोरगी गोळ्या फेकते म्हनून. डॉक्टरीनबाई माह्यावरच भडकली, "नलूताई, आशा आहात ना तुम्ही? गोळ्या खाऊ घालता की नुसत्या वाटता?"

फुलसावंगीहून तांड्यापर्यंत उन्हातान्हात पायी जाते मी, आन् वरून हे ऐकाचं. तशीच तणतणत पुष्पीच्या घरी गेली.

"पुष्पे, खरं सांग, उकिरड्यावर फेकतं ना गोळ्या?"

"नाई वो ताई. याडीची शपथ."

"मंग रक्त कुठं गेलं, कावळ्यानं नेलं?"

तिची याडी, म्हंजे माय, रुपीबाई चुलीपासूनच बोलली, "तुमी म्हनलं तेच खरं, ताई. खोटारडी हाये थे." पुष्पी रडाले लागली. मले तं ते रडनं बी नाटकच वाटलं.

मी निंगताना पुष्पी डोळे पुसत म्हने, गुलाबी औषध सरलं. लोहाच्या गोळीनं तिच्या छातीत जळजळ होये, म्हनून ॲसिडिटीची बाटली म्याच आनून देल्ली होती. गोळी गिळ आन् लगेच मागून दोन चमचे घे, असं सांगून.

दुसरी बाटली घ्याले नाहिदच्या मेडिकलात गेली. कोनासाठी, कशी देता, तिनं विचारलं. म्या सांगितलं. तिनं बाटली परत फळीवर ठेवली.

"या अल्ला! ताई, लोखंडाच्या कढईत चिंचेची आमटी काळी काहून पडते? आंबटानं लोखंड उतरते म्हनून. पोटातलं आम्ल बी तसंच लोह विरघळवते. हे औषध त्या आम्लालेच मारते. मंग लोह अंगाले लागन कसं? गेलं तसं बाहीर पडते. दोघांत दोन घंट्याचं तरी अंतर पाह्यजे."

"मंग पह्यले काहून नाई सांगितलं तुनं?" मी वरडली.

"तवा तुमी सवताच्या घरासाठी पाह्यजे म्हनल्या होत्या, ताई."

आता राग कोनावर काढू? औषध देनारी मी, पोरीले खोटारडी ठरवनारी बी मीच. लाज वाटे परत जायची. पन गेली.

"चूक माही हाये, रुपीबाई. पोरीनं एक बी गोळी फेकली नाई. उद्या पह्यल्या यष्टीनं यवतमाळले नेऊ. लोहाचं सलाईन, नाई तं रक्त चढवा लागन."

रुपीबाईनं चुलीतलं लाकूड मांगं ओढलं. "महिना झाला, तुमच्या शब्दावर मी पोटच्या पोरीसंग धड बोलली नाई."

म्या पुष्पीले त्या दिवसाची गोळी लिंबूपान्यासंग देल्ली. तिनं गिळली. मंग कोनी काई म्हनाच्या आत उठून मायसमोर गेली, तोंड उघडलं आन् जीभ वर करून दाखवली.